शाळेच्या भिंतींची साक्ष

खेड्यातील मंडळीपुढे वारंवार एक प्रश्न येतो. तो वरवर पाहता गवंड्याचा व सुताराचा वाटतो, परंतु वस्तुतः तो सदसद्विवेकबुद्धीचा असतो. मंडळीच्या पेटीत थोडा पैसा साठलेला असतो. एक जण म्हणतो, मुलांकरिता शाळेची चांगली खोली बांधावी. दुसरा म्हणतो, प्रभूने डोंगरावर व तारवात बसून शिकविले; मग आपल्या उपदेशकाला लिंबाखाली किंवा कोणाच्या ओसरीवर शिकविता येत नाही काय? तिसरा म्हणतो, बांधावयाची तर बांधा, पण चार भिंती व वर पत्रे एवढे पुरे. कमानी, घंटा, कोरीव दार हा थाट गरिबांच्या मुलांस कशाला? तिघेही प्रामाणिक असतात, आणि तिघांच्याही म्हणण्यास पवित्र शास्त्रातून आधार काढता येतो. मग गरिबांच्या लेकरांकरिता सुंदर व टिकाऊ शाळागृह बांधणे हा उधळेपणा आहे की धर्म आहे?

ह्याचे उत्तर नुसत्या तर्काने देण्यापेक्षा ज्यांनी अशी शाळागृहे हजारांनी बांधली त्यांचा इतिहास पाहणे आम्हांस बरे वाटते. विक्टोरिया राणीच्या कारकिर्दीत, म्हणजे १८३७ पासून १९०१ पर्यंत, इंग्लंड देशाच्या खेडोपाडी ख्रिस्ती मंडळीने शाळा बांधिल्या, आणि त्यांपैकी पुष्कळ इमारती अद्याप उभ्या आहेत. हबक्कूक संदेष्ट्याच्या दुसऱ्या अध्यायात अन्यायाने बांधलेल्या घराविषयी सांगितले आहे की, त्याच्या भिंतीतला दगडच ओरड करितो. दगड अन्यायाची साक्ष देत असेल तर प्रीतीचीही देत असला पाहिजे. ह्या शाळांच्या भिंतींनी दोन्ही साक्षी दिल्या आहेत. त्या आपण क्रमाने ऐकू.

ह्या शाळांचे मूळ शोधू गेल्यास ते आपल्याच देशात सापडते, हे ऐकून कित्येक वाचकांस नवल वाटेल. अँड्र्यू बेल नावाचे एक स्कॉच धर्मोपदेशक १७८७ साली हिंदुस्थानात आले, आणि १७८९ साली मद्रास येथे एग्मोर भागातील लष्करी अनाथाश्रमाचा कारभार त्यांनी हाती घेतला. तेथे असता त्यांनी मलबारी मुलांची एक गावठी शाळा पाहिली. मुले जमिनीवर बसून वाळूत बोटाने अक्षरे काढीत होती. पाटी नाही, कागद नाही, खर्च नाही. ज्यांनी आजोबांच्या तोंडून पंतोजींच्या शाळेची व धूळपाटीची हकीकत ऐकली आहे, त्यांस ही रीत समजावून सांगावयास नको. बेल यांनी ती आपल्या आश्रमात आणावयाचे ठरविले. पगारी शिक्षक राजी होईनात, तेव्हा त्यांनी आठ वर्षांच्या एका मुलाला अक्षरे गिरविणाऱ्या वर्गावर नेमिले, आणि त्या मुलाने ते काम उत्तम केले. थोरल्या मुलाने धाकट्यास शिकवावे, ही जी पुढे ‘मद्रास पद्धती’ म्हणून प्रसिद्ध झाली, तिचा उगम असा वाळूत झाला. १७९७ साली बेल यांनी तिचा वृत्तांत लंडनात छापून प्रसिद्ध केला.

त्याच सुमारास लंडन शहरात जोसेफ लँकेस्टर नावाच्या क्वेकर पंथाच्या तरुणाने १७९८ साली गरिबांच्या मुलांकरिता अशाच धर्तीची शाळा काढिली. पुढे १८११ साली इंग्लंडच्या राजमान्य मंडळीने ‘नॅशनल सोसायटी’ स्थापिली, आणि प्रत्येक पाळकाच्या हद्दीत गरिबांच्या मुलांकरिता एक शाळा असावी असा संकल्प केला. त्या सोसायटीच्या शाळांस ‘नॅशनल स्कूल’ म्हणत. लँकेस्टर यांच्या बाजूच्या लोकांनी आपली निराळी सोसायटी चालविली.

ह्या पहिल्या पिढीच्या शाळागृहाचे रूप कसे होते? एक मोठी, लांबरुंद, उघडी खोली. बेल यांच्या पद्धतीत लिहिण्याची बाके भिंतीला लागून, तोंडे भिंतीकडे. मधली जमीन मोकळी, आणि तेथे मुलांनी चौकोन करून मॉनिटरपुढे उभे राहावयाचे. लँकेस्टर यांच्या पद्धतीत बाके एकामागे एक, सर्वांची तोंडे एकाच शिक्षकाकडे. एका शिक्षकाने मॉनिटरांच्या साहाय्याने हजार मुले सांभाळावी, असे लँकेस्टर म्हणत. ज्या काळी गरिबाच्या मुलाला अक्षरओळख करून देणारे कोणीच नव्हते, त्या काळी ही मोठी दया होती, हे आम्ही नाकारीत नाही. तथापि ती खोली काय बोलत होती तेही ऐकिले पाहिजे. थोडक्या पैशांत पुष्कळ मुले कशी आटोपतील, हा त्या खोलीचा प्रश्न होता. हे एक मूल कोण आहे, हा प्रश्न तिला पडला नव्हता.

पुढे सरकारने हात दिला. १८३३ साली पार्लमेंटाने गरिबांची शाळागृहे बांधण्याकरिता २०,००० पौंड मंजूर केले, आणि ही रक्कम वरील दोन सोसायट्यांमार्फत दिली. अट अशी होती की, खर्चाचा निम्मा भाग गावच्या लोकांनी आधी स्वखुशीने जमवावा. १८३९ साली शिक्षणाकडे पाहण्याकरिता सरकारी कमिटी नेमिली गेली, तपासणीस फिरू लागले, आणि १८४० साली नमुन्याचे नकाशे निघाले. ते नकाशे सँपसन केंप्थॉर्न नावाच्या शिल्पज्ञाने काढिले होते. ह्याच गृहस्थाने पाच वर्षांपूर्वी निराधार गरिबांना कोंडून कामास लावण्याची जी सरकारी घरे, त्यांचेही नमुने काढिले होते. तेव्हा गरिबाचे कारागृहासारखे घर व गरिबाच्या मुलाची शाळा ही एकाच हातातून उतरली. त्या हाताला दोष देण्याचा आमचा हेतू नाही. ज्या काळाच्या मनात गरीब म्हणजे केवळ बंदोबस्त करावयाची वस्तू, त्या काळाची शाळादेखील बंदोबस्ताचीच इमारत होते, एवढेच आम्हांस दाखवावयाचे आहे.

परंतु त्याच दशकात वारा फिरला. इंग्लंडच्या मंडळीत भक्तीचे नवे चैतन्य आले होते. पाळक व शिल्पज्ञ म्हणू लागले की, देवाचे मंदिर जर आदराने बांधावे, तर देवाच्या लेकरांची शाळाही आदराने बांधिली पाहिजे. जुन्या काळच्या देवळांची जी टोकदार कमानींची गॉथिक रीत, तीच त्यांनी शाळेसही लाविली. १८४१ साली असा कायदा झाला की, जमीनदाराने शाळेकरिता व शिक्षकाच्या घराकरिता एक एकरापर्यंत जमीन सहज देता यावी. ह्या कायद्याची आणखी एक अट होती. तिच्याकडे आम्ही शेवटी वळू.

आता वाचकांनी मनाने अशा एका खेड्यातील शाळेभोवती आमच्याबरोबर फेरी घालावी. देवळाच्या आवाराला लागून ती उभी आहे. ज्या प्रांतात जो दगड निघतो, जी माती भाजून वीट होते, तिचीच भिंत आहे. कोठे गारगोटीची, कोठे तांबड्या विटेची. छपराचे पाखे उंच व उतरते, कारण त्या देशी पाऊस व बर्फ फार. छपराच्या शेंड्यावर दगडी चौकटीत एक घंटा टांगलेली आहे. शेतमजुराच्या घरी घड्याळ नसे. ही घंटाच साऱ्या गावच्या मुलांचे घड्याळ. आत पाहिले तर वर तुळया व वासे उघडे दिसतात, खोटे छत लाविलेले नाही. जे लाकूड भार उचलते ते डोळ्यांस दिसते. एका भिंतीशी बाकांच्या तीन रांगा आहेत, आणि वर्गावर्गांच्या मध्ये पडदे ओढता येतात. लहानग्यांकरिता पायऱ्यापायऱ्यांची लाकडी बैठक आहे, म्हणजे मागच्या बाळालाही शिक्षक दिसावा. मोठी शेगडी एका टोकाला. बाजूस शिक्षकाचे घर, बहुधा शाळेच्याच छपराखाली जोडलेले.

ह्या रीतीचे दोन नामांकित नमुने सांगतो. मेडनहेड गावाजवळ बॉइन हिल येथे जॉर्ज एडमंड स्ट्रीट ह्या शिल्पज्ञाने देऊळ, पाळकाचे घर, शाळा व वृद्ध गरिबांची घरे ही सर्व एका चौकाभोवती, एकाच तांबड्या विटेत बांधिली. तेथील देवळाचे समर्पण १८५७ साली झाले. ह्याच स्ट्रीट यांनी पुढे लंडनातील प्रचंड न्यायमंदिराची योजना केली. दुसरा नमुना यॉर्कशायर प्रांतातील बॉल्डर्सबी सेंट जेम्स हे लहानसे गाव. तेथे विल्यम बटरफील्ड ह्या शिल्पज्ञाने डाउन नावाच्या सरदाराकरिता देऊळ, शाळा, पाळकाचे घर व मजुरांची घरे बांधिली. मुंबईच्या कुलाब्यात जे अफगाण चर्च आहे, त्याच्या आतील सजावटीचे कामही ह्याच बटरफील्ड यांनी योजिले होते. ज्या हातांना न्यायमंदिरे व मोठी देवळे बांधण्याचा मान होता, त्याच हातांनी नांगरट्याच्या पोराची शाळाही रेखिली. हे काम आमच्या योग्यतेचे नाही, असे त्यांनी म्हटले नाही.

येथे तिसऱ्या बंधूचा आक्षेप उभा राहतो. हा पैसा भाकरीत, औषधात किंवा पुस्तकांत घातला असता तर अधिक बरे झाले नसते काय? बेथानी गावी मरियेने सुगंधी तेल ओतिले तेव्हाही हाच आक्षेप निघाला होता. आणि तो कोणी काढिला, व काढणाऱ्याच्या मनात गरिबांची कितपत काळजी होती, हे योहानाच्या बाराव्या अध्यायात लिहिले आहे. परंतु केवळ आक्षेप घेणाऱ्याला यहूदा म्हणून गप्प बसविणे योग्य नव्हे. हाग्गय संदेष्ट्याने आपल्या घरांना तक्तपोशी करून देवाचे घर ओसाड ठेविणाऱ्यांस झाडिले, तसेच आमोसाने हस्तिदंती मंदिरांत लोळणाऱ्यांसही झाडिले. तेव्हा सौंदर्य हे स्वतः पुण्यही नव्हे व पापही नव्हे. ते कोणाकरिता आहे, व त्याचा खर्च कोणाच्या मानेवर बसला आहे, हे विचारावे लागते.

निर्गमाच्या एकतिसाव्या अध्यायात बसालेल नावाच्या कारागिराविषयी सांगितले आहे की, सोन्यारुप्याचे, लाकडाचे व दगडाचे काम करण्याकरिता देवाने त्यास आपल्या आत्म्याने भरले. सुबक काम करणे हेदेखील आत्म्याचे दान आहे. श्रीमंताच्या वाड्यात हे दान रोजच ओतले जाते. त्यात कोणी हिशेब विचारीत नाही. गरिबाच्या लेकरापुढे ते ठेवू लागले म्हणजेच हिशेबाची वही का उघडावी? ज्या मुलाच्या घरी मातीची जमीन, गळके छप्पर व एकच अंधारी खोली, त्याने दिवसातले पाच तास सरळ भिंतीच्या, उजेडाच्या व नीट घडविलेल्या खोलीत काढिले, तर एक धडा शिक्षकाने तोंड उघडण्यापूर्वीच त्याच्या मनावर ठसतो. कोणी तरी माझी वाट पाहत होते. माझ्याकरिता कोणी चांगले काम केले. आमच्या मंडळ्यांतील ज्या वडील माणसांच्या लहानपणी त्यांस गावच्या शाळेत उंबऱ्याबाहेर बसविले जात होते, त्यांस हा धडा किती मोलाचा आहे हे आम्ही सांगावयास नको. ज्याला पिढ्यान्‌पिढ्या बाहेर बसविले, त्याच्या लेकराकरिता आत बसण्याची जागा बांधणे, आणि ती चांगली बांधणे, हे आमच्या मते उधळेपण नव्हे. ते ऋण फेडणे आहे.

ही झाली प्रीतीची साक्ष. आता दुसरी साक्ष ऐकावयाची आहे, आणि तीही लपवून चालणार नाही.

त्या सुंदर खिडक्यांकडे पुन्हा पाहा. पुष्कळ शाळांत त्यांची खालची कड मुलाच्या डोक्याच्याही वर ठेविलेली असे. उजेड यावा, परंतु मुलाची नजर बाहेर जाऊ नये. आभाळाचा एक तुकडा दिसे. शेत, झाड, रस्ता दिसत नसे. मुलांचे दार निराळे व मुलींचे निराळे. जागेचे माप ठरलेले असे, आणि सरकारी मदतीकरिता ते फार थोडे असे: दर मुलामागे ८ चौरस फूट जमीन व ८० घनफूट हवा. देणाऱ्या सरदाराचे नाव व कुलचिन्ह कित्येक ठिकाणी दारावरच कोरलेले. आणि आत जे शिकविले जाई त्यातही, गरिबाने आपल्या पायरीवर संतोषाने राहावे, मालकापुढे वाकावे, हा सूर पुष्कळदा असे. कमान आकाशाकडे बोट दाखवी आणि धडा मुलाला जमिनीकडे दाबी, हा विसंवाद त्या शाळांत होता.

विवेकाचाही प्रश्न होता. ज्या गावी एकच शाळा व ती राजमान्य मंडळीची, तेथे मेथडिस्ट किंवा बाप्तिस्त आईबापांच्या मुलांनाही बहुधा त्याच मंडळीची प्रश्नोत्तरावली पाठ करावी लागे. शेवटी १८७० च्या कायद्याने आईबापांस आपले मूल धर्मशिक्षणाच्या तासातून काढून घेण्याचा हक्क मिळाला. जेथे मंडळीची शाळा पुरी पडत नव्हती तेथे लोकांनी निवडलेल्या बोर्डाच्या शाळा निघाल्या. लंडनच्या बोर्डाचे शिल्पज्ञ रॉबसन यांनी आपल्या शाळांस गॉथिक रीत मुद्दाम लाविली नाही, कारण ती रीत पाहताच लोकांस देऊळ आठवे. कमानीचा आकारसुद्धा कोणाला आत बोलावितो व कोणाला दूर ठेवितो, हे त्यावरून समजावे. आमच्या शाळांत गावच्या इतर धर्मांची मुले येतात. त्यांना आम्ही प्रभूचे नाव आनंदाने सांगू, परंतु त्यांच्या आईबापांच्या विवेकावर दार लोटून घेणार नाही. प्रभू दाराशी उभा राहून ठोकितो. तो दार फोडीत नाही.

सर्वांत कडू साक्ष १८६२ सालची आहे. त्या साली रॉबर्ट लो ह्या मंत्र्यांच्या पुढाकाराने नवी नियमावली लागू झाली. शाळेस मदत परीक्षेच्या निकालावर मिळावी असे ठरले. एका मुलामागे हजेरीचे ४ शिलिंग, आणि वाचन, लेखन व गणित ह्या तिहींत उतरल्यास ८ शिलिंग. एका विषयात मूल नापास झाले की २ शिलिंग ८ पेन्स कापले जात. परिणाम काय झाला? इमारत तीच, घंटा तीच, कमानीही त्याच. परंतु शिक्षकाला समोर मूल दिसेनासे होऊन शिलिंग दिसू लागले. मुले पुस्तके समजल्यावाचून घोकू लागली. मॅथ्यू आर्नोल्ड हे विख्यात लेखक त्या वेळी शाळांचे तपासणीस होते. त्यांनी ह्या पद्धतीविरुद्ध स्पष्ट लिहिले. ही पद्धत पुरती नाहीशी होण्यास त्या शतकाचे शेवटचे दशक उजाडावे लागले. सुंदर भिंत मुलाला उत्तम शिक्षण देते असे मानणाऱ्याने ही पस्तीस वर्षे विसरू नयेत.

मग शाळा कशाने होते? हँपशायर प्रांतातील किंग्ज सॉम्बोर्न नावाच्या खेड्याचा वृत्तांत ह्याचे चांगले उत्तर देतो. तेथे रिचर्ड डॉज नावाचे पाळक होते. ते केंब्रिजचे गणिती. त्यांनी १८४२ साली गावात शाळा उघडली. मजुरांच्या मुलांपासून आठवड्यास एकदोन पेनी व शेतकरीव्यापाऱ्यांच्या मुलांपासून अधिक फी घ्यावयाची, परंतु बाक दोघांस एकच, असा त्यांनी नियम केला. मजुराने पेनी दिली म्हणजे त्याला शाळा आपली वाटे. शेतकऱ्याच्या मुलाशेजारी त्याचा मुलगा बसला म्हणजे दोघांच्याही मनातील उंचनीचपणा ढिला होई. आणि शिकविणे कसे? चुलीवरची किटली का उकळते, मेणबत्ती कशी जळते, अंगावरचा कपडा कोठून आला, अशा घरच्या वस्तूंवरून सृष्टीचे नियम समजावून द्यावयाचे. जे रोज हाताळतो त्यातच देवाची योजना आहे, हे मुलांना कळू लागले. सरकारी तपासणीसांनी त्या शाळेची प्रशंसा केली, आणि तिचे नाव देशभर झाले. शाळागृह तेथेही होते. परंतु लोक दुरून पाहावयास येत ते शिकविण्याची रीत पाहावयास येत.

आता दुसऱ्या बंधूकडे वळू, जे म्हणतात की इमारतच नको. त्यांच्या बाजूने आम्हीच एक मोठा दाखला देतो. इंग्लंडात जेव्हा दगडी शाळा उभ्या राहत होत्या, त्याच काळात, १८४८ साली, पुण्यात जोतीराव फुले व सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा उघडली. जोतीरावांचे स्वतःचे इंग्रजी शिक्षण पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत झाले होते. त्यांच्या शाळेला ना कमान होती, ना घंटा; बुधवार पेठेतील भिड्यांच्या वाड्यात ती भरली. तो वाडा जीर्ण होऊन डिसेंबर २०२३ मध्ये स्मारकाकरिता पाडण्यात आला. वाडा गेला, परंतु तेथे जे सुरू झाले ते गेले नाही. प्रेषित पौलानेही इफिसात तुरन्नाच्या पाठशाळेत दोन वर्षे वादविवाद केला, आणि ती जागा त्याची नव्हती.

परंतु ह्या दाखल्यांचा दुसरा अर्धाही पाहावा. फुल्यांची शाळा आकाशाखाली भरली नाही. कोणी तरी आपला वाडा दिला. पौलालाही कोणाची तरी पाठशाळा मिळाली. विरोधाच्या दिवसांत छप्पर देणे म्हणजे शिकविण्याच्या कामात भागी होणे. आणि लिंबाखालची शाळा श्रावणात काय करिते? पावसाळ्याचे चार महिने जिची पाने भिजतात, जिच्या मुली आडोसा नाही म्हणून घरी राहतात, त्या शाळेला साधेपणाचे नाव देऊन आपण कदाचित आपला आळस झाकीत असू. प्रभू डोंगरावर शिकवी हे खरे. पण तो दर शब्बाथी सभास्थानातही जात असे, आणि ते सभास्थान कोणी तरी पदरमोड करून बांधिले होते. कफर्णहूमच्या शताधिपतीने यहूद्यांकरिता सभास्थान बांधिले, ही गोष्ट लूकने मुद्दाम लिहून ठेविली आहे.

भिंतींचे फळ कधी कधी किती दूर पडते तेही येथे सांगू. वर ज्या स्ट्रीट यांचे नाव आले, ते १८५० साली वाँटेज नावाच्या गावी राहावयास आले, आणि तेथेच त्यांस आरंभीची कामे मिळाली. त्या गावचे पाळक विल्यम बटलर हे शिक्षणाचे मोठे कैवारी. त्यांनी १८४८ साली तेथे ख्रिस्ती भगिनींचा एक मठ स्थापिला होता. त्या मठातील भगिनी १८७७ साली पुण्यास आल्या. पुढे १८८३ साली पंडिता रमाबाई इंग्लंडास गेल्या तेव्हा वाँटेज येथे ह्याच भगिनींकडे राहिल्या, तेथे त्यांनी अभ्यास केला, आणि तेथेच त्यांचा बाप्तिस्मा झाला. तरी रमाबाईंनी त्या मठाच्या मताला आपला विवेक बांधून दिला नाही. शंका वाटली तेथे त्यांनी धीटपणे पत्रांतून वाद केला. स्वदेशी परतल्यावर १८८९ साली त्यांनी मुंबईत शारदा सदन काढिले, आणि १८९६ व १८९७ च्या दुष्काळात वाचविलेल्या मुलींना केडगावच्या मुक्तीत आणिले. तेथे आधी मुली आल्या, तात्पुरती छपरे उभी राहिली, आणि मग दगडी इमारती झाल्या. हा क्रम ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

आता १८४१ च्या कायद्याची ती राहिलेली अट. जमीनदाराने दिलेली जमीन शाळेची राही, परंतु जोपर्यंत तेथे शाळा चालेल तोपर्यंतच. शाळा बंद पडली की जमीन मूळ मालकाच्या घराण्याकडे परत जावी, असा तो नियम होता. शंभर वर्षे घंटा वाजली असो, भिंती दोन हात जाडीच्या असोत. ज्या दिवशी तो उद्देश संपला त्या दिवशी हक्कही संपला. पुढे गावे ओस पडली, मुले शहरांतील शाळांत जाऊ लागली, आणि कित्येक शाळा बंद झाल्या. तेव्हा जुन्या घराण्यांचे वारस शोधता शोधता इतके तंटे माजले की १९८७ साली पार्लमेंटास ह्या बाबतीत नवा कायदा करावा लागला. आज त्या जुन्या शाळागृहांपैकी अनेकांत लोक बिऱ्हाडे करून राहतात. घंटेच्या जागी घंटा नाही. दुसऱ्या कित्येकांत मुले अजून शिकतात. इंग्लंडच्या मंडळीच्या सुमारे ४,६०० शाळा अद्याप चालू आहेत.

हा कायदा वकिलांकरिता केला होता, परंतु आम्हांस त्यात एक उपदेश दिसतो. देवाने आम्हांस जे जे दिले आहे, जमीन, इमारत, बुद्धी, पद, ते सर्व ह्याच अटीवर दिले आहे. ज्या कामाकरिता ते मिळाले ते काम चालू आहे तोपर्यंत ते आमचे. दाखल्यातील ज्या चाकराने आपला रुपया रुमालात गुंडाळून ठेविला, त्याचा रुपया चोरीस गेला नव्हता. तो जसाच्या तसा होता. तरीही तो त्याच्यापासून काढून घेतला गेला. मंडळीने बांधलेली शाळा कुलपात राहिली, किंवा लग्नाच्या वऱ्हाडाला भाड्याने देण्यापुरतीच उरली, तर तिची दुरुस्ती कितीही चांगली असो, देवाच्या दप्तरात ती जमीन परत गेलेलीच आहे.

तेव्हा ज्या मंडळीपुढे हा प्रश्न आला असेल तिला आम्ही काय सांगावे? पहिली गोष्ट, आधी शिक्षकाचा विचार करा, मग विटेचा. उपदेशकाचे वेतन सहा सहा महिने थकवून जी कमान बांधिली, तिच्यातील दगड हबक्कूकाच्या दगडाप्रमाणे ओरडेल. दुसरी गोष्ट, शिक्षक असेल तर त्याला छप्पर द्या, आणि ते पावसाला व उन्हाला पुरेल असे द्या. तिसरी, जे बांधाल ते खरे बांधा. थोडे बांधा पण नीट बांधा. गावचाच दगड, गावचाच गवंडी, सरळ ओळंबा, भरपूर उजेड. खिडकी मुलाच्या डोळ्याच्या उंचीवर ठेवा, म्हणजे आपल्या बापाचे शेत त्याला दिसेल आणि शाळेतले ज्ञान त्या शेताकरिताच आहे हे तो विसरणार नाही. चौथी, दार एकच ठेवा. महाराचे, मांगाचे, कुणब्याचे व ब्राह्मणाचे लेकरू त्याच दाराने आत येईल असे ठेवा. पाचवी, दारावर देणगीदाराचे नाव कोरण्यापूर्वी विचार करा की, ज्याने एक आणा दिला त्या विधवेचे नाव कोरावयास दगड कोठून आणणार.

आणि जेथे खोली बांधण्याची ऐपत नाही, तेथील आमच्या उपदेशक बंधुभगिनींनी खिन्न होऊ नये. इंग्लंडातील त्या साऱ्या कमानींच्या पायाशी मद्रासेच्या वाळूत बोटाने काढलेली अक्षरे आहेत, आणि ती एका गरीब मुलाने दुसऱ्या गरीब मुलास शिकविली होती. तुमच्यापुढे एक मूल बसले असेल, आणि तुम्ही त्याला नावाने ओळखत असाल, तर तुमच्या शाळेचे जोते पडले आहे. त्यावर भिंत उभारण्याचे काम मंडळीचे आहे, आणि ते तिने टाळू नये.